दोन पंचमांश

सत्तावीस नंबरच्या कागदावर सरूचा लाल पेन थांबला तो थांबलाच. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश, आणि बरोबरच्या चिन्हापुढं स्वच्छ, वळणदार अक्षरात दोन पंचमांश. वरचे अंक वर मिळवलेले, खालचे खाली. चूक तर होतीच, तशी चूक करणारे त्या गठ्ठ्यात आणखीही होते. पण या कागदावरचा पाच तिच्या ओळखीचा होता. पोट मोठं, आणि शेपूट ओळ सोडून खाली लोंबणारं. तिनं शेजारी उघड्या पडलेल्या आपल्या डायरीकडं पाहिलं. तिच्या हातची तारीख, पंधरा मे. तोच पाच, तीच शेपूट. रोह्याच्या त्या शाळेतली मुख्याध्यापकांची खोली दुपारची तापली होती, वीज गेलेली, बाहेर व्हरांड्यात शिक्षक डबे खात बसलेले. कुणीतरी मोठ्यानं हसलं आणि सरूनं कागद चटकन उलटा ठेवला, जणू तो तिचाच होता. कागदावर नाव नव्हतं, नुसता नंबर. नाव पाहायचं तर हजेरीपट उघडावा लागला असता. तिनं तो उघडला नाही. उघडायची गरजच नव्हती. केरू गुरुजींचं हे अक्षर तिनं शाळेत पाच वर्षं फळ्यावरून पाटीवर उतरवलं होतं.

केरू गुरुजी सकाळी सगळ्यांच्या आधी आले होते. धुतलेलं धोतर, टोपी, काखेत कापडी पिशवी. पेण आणि रोहा तालुक्यांतल्या बेचाळीस शिक्षकांना दहा दिवस गणित शिकवायला सरू आली होती. सहा वर्षांपूर्वी ती वर्गातून निघाली आणि साधनव्यक्ती झाली. म्हणजे शिक्षकांना शिकवणारी शिक्षिका. यादीत गुरुजींचं नाव तिनं आदल्या दिवशीच वाचलं होतं आणि तिला बरंच वाटलं होतं, थोडा अभिमानही. ती वाकून पाया पडली तर ते मागं सरले. "नको नको, मॅडम." "मला मॅडम काय म्हणता, गुरुजी?" "हितं मॅडमच गो," ते हळू म्हणाले आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसले. मग तिनं नेहमीप्रमाणं आपली गोष्ट सांगून सुरुवात केली. प्रत्येक प्रशिक्षणात ती हीच गोष्ट सांगायची. खाडीकाठच्या गावातून पेणच्या हायस्कुलात आलेली मुलगी, सहावीचा वर्ग, गणिताच्या सरांनी अपूर्णांकांची बेरीज विचारली, मुलगी उभी राहिली, चुकीचं उत्तर दिलं आणि सगळा वर्ग खदखदून हसला. "ती मुलगी मी," असं ती शेवटी म्हणायची, आणि सभागृह शांत व्हायचं. आजही झालं. शेवटच्या बाकावर गुरुजी मान खाली घालून वहीत काहीतरी लिहीत होते. मग सगळ्यांची गणिताची चाचणी झाली. त्या वेळी तिच्या मनात आलंसुद्धा नव्हतं की ते चुकीचं उत्तर कुठून आलं होतं.

आता आलं. आणि आलं ते असं, की तिला खुर्चीवर बसवेना. पंचवीस-सव्वीस वर्षं ती समजत होती की आपल्या डोक्यातच काही कमी आहे. ते कमी भरून काढायला ती रात्रंदिवस राबली, डी.एड.ला पहिली आली, गणित हाच विषय धरला. आणि डोक्यात काही कमी नव्हतंच. तिच्या गावच्या, घोडखारच्या शाळेत, शेणानं सारवलेल्या ओट्यावर, कुणीतरी प्रेमानं, तळमळीनं, दोन पंचमांश हे उत्तर तिला पाठ करून दिलं होतं. तळमळ खोटी नव्हती, हेच तर अवघड होतं. त्या गावात शाळा चौथीपर्यंत. पुढं पेण, आणि पेणला जायचं तर भरतीला बांधावर पाणी. मुलं कशीबशी जायची, मुली मिठागरावर. आईच्या मागं फळी घेऊन मीठ ओढायला. केरू गुरुजींनी पाचवीच्या वर्गासाठी दोन वर्षं अर्ज केले, ओहोटीच्या वेळा बघून पेणला हेलपाटे घातले, शेवटी साहेबानं कंटाळून मंजुरी दिली. "पोरी अजून एक वरीस तरी शिकतील," असं ते घरोघर सांगत फिरले होते. सरूच्या आईला त्यांनी ओट्यावर बसून तासभर समजावलं होतं. त्या पाचवीत पाच मुली होत्या. पाचवीचं गणित गुरुजींना कुणी शिकवलेलं नव्हतं. ते सातवी पास होऊन एकोणिसाव्या वर्षी नोकरीला लागले, ट्रेनिंग नंतर, नोकरीत राहूनच, उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत. म्हणजे त्या पाच मुलींना जे मिळालं ते त्यांनीच दिलं, आणि जे चुकीचं मिळालं तेही त्यांनीच. पाच मुलींपैकी शिकली ती एकटी. मैना तिच्याबरोबर पेणच्या हायस्कुलात आली होती, दोन महिन्यांत सोडून गेली. बाकीच्या तिघी आल्याच नाहीत. आणि पाचवीचा वर्ग तर अजून चालू होता. दरसाल दहा, बारा, पंधरा पोरं. किती झाली? तिनं मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिलं.

"झाले का तपासून?" साळवी सर दारात उभे होते. ते तिच्या जोडीला आलेले दुसरे प्रशिक्षक. काटेकोर, वेळेचे पक्के, मनानं वाईट नाहीत. "पन्नासच्या खाली किती?" सरूनं गठ्ठ्याकडं पाहिलं. "होतायत." "वरून स्पष्ट सूचना आहे, ठाकूर मॅडम. चार वाजता नावं वाचायची. उद्यापासून त्यांचा गट वेगळा, वेगळ्या खोलीत. अहवाल ऑफिसला." "नावं मोठ्यानं वाचलीच पाहिजेत का? चिठ्ठी देता येईल." साळवी सरांनी खांदे उडवले. "मी नाही ठरवलं. मी वाचू का?" "नको," ती घाईनं म्हणाली, "मी वाचते." ते गेले. तिनं सत्तावीस नंबरचा कागद सरळ केला आणि उरलेली गणितं तपासली. शंभरात बत्तीस. मग तिचा हात पुढं गेला, कागदाची चौघडी झाली, आणि पर्सची चेन लागली. हे सगळं तिच्या हातांनी केलं, ती नुसती बघत होती. दया आली होती का? तिला नक्की सांगता आलं नसतं. दयेच्या खाली राग होता, आणि रागाच्या खाली आणखी काहीतरी होतं, ज्याच्याजवळ ती जात नव्हती.

चार वाजता तिनं दहा नावं वाचली. प्रत्येक नावाला हॉलमध्ये माना वळायच्या, कुठं दबलेलं हसू, कुठं "अरे बापरे". कोलाडकडच्या एक बाई नाव ऐकताच पदरानं चेहरा पुसायला लागल्या, आणि पुसतच राहिल्या. सरूचा आवाज सपाट होता. दहावं नाव झाल्यावर तिनं वही मिटली. साळवी सर मागून पुटपुटले, "मी पेपर गोळा करताना चाळले तेव्हा मला अकरा वाटले." "दहा," ती म्हणाली. मान वर केली तर शेवटच्या बाकावरून केरू गुरुजी तिच्याकडं बघत होते. लहानपणी पाटीवर चुकलं की ते असेच बघायचे. रागानं नाही, चूक तुझी तूच शोध, अशा नजरेनं.

पेणला जाणारी एस.टी. रोह्याहून सुटली तेव्हा ते येऊन तिच्या शेजारीच बसले. इथं ओळखीचं कुणी नव्हतं, आता ती मॅडम नव्हती. नागोठण्याला त्यांनी पिशवीतून दोन ताडगोळे काढून तिच्या हातावर ठेवले, तिनं ते तसेच धरून ठेवले. ताडगोळ्यांचं पाणी बोटांवरून मनगटापर्यंत ओघळत आलं. "माझा पेपर बरा झाला व्हय?" त्यांनी विचारलं. "झाला," ती खिडकीकडं बघत म्हणाली. "किती पडले?" "पास आहात, गुरुजी." गाडी वळणं घेत होती, समोरच्या सीटवरची बाई झोपेत डुलत होती. मग ते म्हणाले, "सरू, मी वीस-बावीस ट्रेनिंगं केली. गाणी शिकलो, तक्ते केले, कागदाचे पक्षी केले. कुनी गणित घातलंच नाय मना. आज पयल्यांदा घातलं. आनि मना ठावं हाय मना काय येत नाय ते." तिच्या घशाशी शब्द आले. तुम्ही मला चुकीचं शिकवलंत. तुमच्यामुळं मैनेची शाळा सुटली. ते शब्द तिनं जिभेवर घोळवले, आणि वडखळच्या फाट्यावर गाडी ट्रकांच्या रांगेत अडकून पडली तेव्हा, त्या तापलेल्या, हॉर्नच्या गोंगाटात, तिनं ते अर्धे बोलून टाकले. "गुरुजी, पाचवीत अपूर्णांकाची बेरीज तुम्हीच शिकवली होती ना आम्हाला?" "व्हय. मीच." "आणि आता पण तुम्हीच शिकवता?" त्यांनी तिच्याकडं पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं, गालाचं कातडं एकदम म्हातारं दिसलं. सकाळची गोष्ट त्यांनीही ऐकलेली होती. "मंग ती पोरगी, जिला सगली हसली, ती..." त्यांनी वाक्य तोडलं. पेणच्या स्टँडवर ते उतरले आणि मागं न बघता घोडखारला जाणाऱ्या मिनीडोर रिक्षाकडं चालत गेले. वाटेत कुणाचं तरी सामान त्यांच्या पायाला लागलं, ते अडखळले, सावरले. सरूच्या हातातले ताडगोळे गरम झाले होते. तिनं ते गटारात टाकले आणि लगेच तिला वाटलं की हे तिनं करायला नको होतं.

ती घरी गेली नाही. तिचे पाय मैनेकडं वळले. मैना गणपतीच्या कारखान्यात काम करायची, पेणमध्येच, सरूच्या घरापासून तीन गल्ल्यांवर, आणि तरी दोघींची भेट व्हायची ती बाजारात, चालता चालता. आज सरूला तिला सांगायचं होतं. काय सांगायचं होतं? की बघ, तुझी काही चूक नव्हती, तुला मुळात चुकीचं शिकवलं होतं. ही बातमी आपण तिला भेट म्हणून नेतो आहोत, असं काहीसं तिला वाटत होतं. पत्र्याच्या लांबलचक शेडमध्ये कच्च्या मूर्तींच्या रांगा होत्या, पांढऱ्या, डोळे नसलेल्या. मैना खाली बसून एका मूर्तीच्या हाताचा सांधा ओल्या बोटानं बुजवत होती. "आज हिकडं कुठं गो?" ती म्हणाली, पण हात थांबला नाही. सरूनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. कागद, दोन पंचमांश, गुरुजी. मैनेनं ऐकून घेतलं. "मंग?" "मग काय, मैना? तुझी शाळा त्याच्यामुळं सुटली. आपल्याला दोघींना उभं केलं वर्गात, सगळे हसले..." मैनेचा हात आता थांबला. "तुला कवा उभं केलं?"

"तुझ्या वहीवर फुली मारलीन सरांनी," मैना सांगू लागली, शांतपणे, जणू कालच्या बाजाराची गोष्ट. "तू रडलीस. तू र्‍हायचीस आतेकडं, तुझ्या आतेबहिनीनं तुला रातीत बरोबर कसं करायचं ते शिकवलंन. मी गावाला जायची, मना कोन शिकवनार? दुसऱ्या दिशी सरांनी मना उभं केलंन. मी बोलले दोन पंचमांश. सगली हसली." ती क्षणभर थांबली. "तू पन हसलीस." "मी?" "माझ्या बाजूला बसून. वही तोंडाशी धरून हसलीस. गणितानं माझी शाला नाय सुटली गो. गुरुजींना कशाला बोलतेस?" ती पुन्हा कामाला लागली. नाही, असं नव्हतं, असं सरू मनात म्हणाली, आणि त्याच क्षणी तिला ती वही आठवली. वहीचं तपकिरी कव्हर, त्याचा खळीचा वास, ओठांना लागलेली कागदाची कड. आणि कव्हराच्या आड फुटलेलं आपलं हसू, गरम, सुटकेचं. आज फुली माझ्यावर नाही. आज उभी राहणारी मी नाही. इतक्या वर्षांत ती मैनेच्या जागी उभी राहिली होती, मैनेची लाज आपल्या अंगावर घालून गावोगावच्या हॉलमध्ये तिनं ती दाखवली होती, आणि लोक हळहळले होते, टाळ्यासुद्धा वाजल्या होत्या. "मी जाते," ती कशीबशी म्हणाली. "ये परत," मैना म्हणाली, वर न बघता.

सकाळी रोह्याला पोचेपर्यंत तिनं ठरवलं होतं, की साळवी सरांना बाजूला घेऊन कागद द्यायचा आणि गुरुजींना गुपचूप दुसऱ्या गटात बसवायचं. गाजावाजा नको. पण हजेरी संपत नाही तोच शेवटच्या बाकावर गुरुजी उभे राहिले. "मॅडम, काल माझं नाव वाचायचं र्‍हायलं." हॉलमध्ये माना वळल्या. साळवी सर रजिस्टरवरून वर बघू लागले. "मी मिठागरावरल्या शाळेत छत्तीस वर्षं हाय," गुरुजी म्हणाले. टोपी हातात घेतली होती, ती ते बोटांनी चुरगळत होते. "एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश, मी दोन पंचमांश लिवलं. तसंच शिकवलंय आजपरत. काल घरी जाऊन गाइड बघितलं. त्यात उत्तर येगळं हाय. ते कसं काडायचं तो नियम मी रातीत पाठ केला. पन माझं उत्तर चूक का, ते त्यात नाय. का चूक, तेवढं सांगा." मधल्या बाकांवर एक तरुण मास्तर फिसकन हसला. मग त्याच्या शेजारचा. मग ते हसू पाण्यासारखं पसरायला लागलं, फार मोठं नाही, चांगल्या माणसांचं, तोंडावर हात ठेवून हसलेलं. काल जी दहा नावं वाचली होती त्यांतलेही दोघं हसत होते, आज उभे राहणारे ते नव्हते म्हणून.

"थांबा," सरू म्हणाली. आवाज नको तेवढा चढला. "काल मी तुम्हाला एक गोष्ट सांगितली. वर्गात उभी राहिलेली मुलगी मी, असं म्हणाले. ती मी नव्हते. ती माझी मैत्रीण होती. मी तिच्या शेजारी बसून हसत होते." हसू विझलं. कुणी कुणाकडं बघेना. "आणि काल मी नाव वाचलं नाही ते चुकून नाही." साळवी सर उठले आणि पुन्हा बसले.

गुरुजी अजून उभेच होते. "का चूक, तेवढं," ते म्हणाले. सरू फळ्याकडं वळली. छेद सारखे करायचे, तिनं लिहिलं. दोन आणि तीन यांचा लसावि सहा. "का करायचे सारखे?" मागून गुरुजींचा आवाज आला. "नियम आहे तो, गुरुजी." "नियम मना पन आता पाठ हाय. माझा पन नियमच व्हता, वरचे वर नि खालचे खाली. तुझा खरा नि माझा खोटा, हे पोरानं वलखायचं कसं?" ते तिला तू म्हणाले होते, हॉलमध्ये, आणि दोघांच्याही ते लक्षात आलं नाही. खडू तिच्या हातात होता आणि डोक्यात काहीच नव्हतं. आतेबहिणीनं एका रात्रीत घासून घेतलेली रीत होती, डी.एड.ला पहिला नंबर मिळवून दिलेली रीत होती, सहा वर्षं शेकडो शिक्षकांना दिलेली रीत होती. ती वळली. बेचाळीस माणसं वाट बघत होती. पंखा कुरकुरत होता. हा क्षण कधी संपणारच नाही असं वाटत असताना तिला कळलं, की मैना उभी होती तेव्हा ते असं होतं. तिनं एकदम पर्स उघडली. टेबलावर कोरे कागद होते, तरी तिनं चौघडी केलेला सत्तावीस नंबरचा कागदच बाहेर काढला, सगळ्यांसमोर उलगडला आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर फुटपट्टी ठेवली. "गुरुजी, इथं या. मला पण माहीत नाही. आपण मोजून बघू."

ते पुढं आले. चष्मा चढवला. फुलस्केपच्या लांबीवर तिनं तीस सेंटिमीटरची रेघ ओढली. "ह्याचं अर्धं?" "पंधरा." त्यांनी स्वतःच पेन घेऊन पंधरावर खूण केली. "एक तृतीयांश?" "धा. म्हंजे पंधराच्या पुढं धा. पंचवीस." "आणि दोन पंचमांश किती?" त्यांनी ओठ हलवत हिशेब केला. तीस भागिले पाच, सहा. दोन वेळा सहा. "बारा," ते म्हणाले आणि बारावर खूण केली. मग त्यांचं बोट तिथंच थांबलं. पंधराकडं गेलं, परत बाराकडं आलं. हॉलमध्ये पुढच्या बाकांवरचे लोक उठून टेबलाभोवती जमायला लागले होते, तो फिसकन हसलेला मास्तरसुद्धा. "अर्ध्यात अजून घातलं," गुरुजी हळूहळू म्हणाले, "नि ते अर्ध्यापेक्षा कमी झालं." "अगो, हे कुनाही पोराला दिसलं असतं. मोजलं असतं तर." त्यांचे डोळे भरून आले होते, पण आवाज तसाच कोरडा, वर्गातला होता. "छत्तीस वर्षांत एकदाबी मोजलं नाय."

कोलाडकडच्या त्या बाईंनी, कालच्या, फुटपट्टी मागून घेतली. "मला करून बघू दे," त्या म्हणाल्या. वेगळा गट त्या दिवशी वेगळ्या खोलीत गेला नाही. दुपारपर्यंत सगळेच रेघा ओढत होते, भांडत होते, कुणी पाव आणि अर्धा घेतला, कुणी दोन तृतीयांश. साळवी सर जेवणाच्या सुट्टीत तिच्याजवळ आले. "मला लिहावं लागेल, मॅडम. कागद लपवला हे मी बघितलं, सगळ्यांनी बघितलं." "लिहा," सरू म्हणाली. "वाईट वाटून घेऊ नका." "नाही." तिला खरंच वाईट वाटलं नाही, नुसती भीती वाटली, लहानपणासारखी. आठव्या दिवशी ऑफिसचं पत्र आलं. खुलासा मागितला होता, आणि जूनपासून तिनं साधनव्यक्तीचं काम सोडून जिते स्टेशनाजवळच्या एका शाळेत चौथीवर हजर व्हावं असं लिहिलं होतं. पत्र तिनं दोनदा वाचलं. चौथीवर. सहा वर्षं ती मुलांसमोर उभी राहिली नव्हती. तिनं खुलाशात जे झालं तेच लिहिलं, सहा ओळींत, आणि खाली सही केली.

शेवटच्या दिवशी एस.टी.त गुरुजी पुन्हा तिच्या शेजारी बसले. तिच्या बदलीचं त्यांना कळलं होतं. "माझ्यापायी झालं," ते म्हणाले. "तुमच्यापायी नाही." वडखळ गेलं, पेण आलं. स्टँडवर घोडखारची मिनीडोर भरत आली होती, ड्रायव्हर हाका मारत होता, "गुरुजी, चला, एक सीट!" गुरुजींनी त्याला हात केला, तू जा म्हणून. "मैना कुठच्या कारखान्यात हाय?" त्यांनी सरूला विचारलं. "गुरुजी, आता कशाला? तिला काही... ती तुम्हाला दोष देत नाही." "ती नाय देत. मना ठावं हाय. कुठं हाय तेवढं दाखव."

शेडमध्ये संध्याकाळचं तिरपं ऊन आलं होतं. मैना गुरुजींना बघून गडबडीनं उठली, मातीनं भरलेले हात अंगापासून दूर धरून, पदर कसा सारखा करावा ते तिला कळेना. "गुरुजी! तुमी हितं?" आजूबाजूच्या बायका कामं थांबवून बघायला लागल्या. सरू दाराशीच थांबली. आत जायचं का नाही ते तिला ठरवता येईना. गुरुजींनी टोपी काढली. "मैना, तुला मी पाचवीत एक गणित चुकीचं शिकवलं," ते म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "ते चूक व्हतं हे मना आता कळलं. का चूक, ते पन कळलं. तेवढं तुला दाखवायला आलो." त्यांनी पिशवीतून फुटपट्टी आणि एक वही काढली. मैनेनं आधी त्यांच्याकडं पाहिलं, मग दारातल्या सरूकडं. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते सरूला उन्हामुळं दिसलं नाही.

"माझे हात मातीचे हायत, गुरुजी," मैना म्हणाली. तिचा आवाज कापत होता. "धुवायला येल लागंल."

गुरुजींनी बाजूचा एक रिकामा डबा उलटा केला, त्यावर बसले आणि वही मांडीवर उघडून ठेवली.

"लागू दे," ते म्हणाले. "मी थांबतो."